शेऱ्याचा रकाना

प्रशिक्षण संपताना हातात फॉर्म दिलाय:
द्वितीय भाषेच्या अध्ययनावर परिणाम करणारे घटक.
एका मुलाला एक पान.
वय, घरची भाषा, पालकांचं शिक्षण, प्रेरणा, वातावरण,
आणि शेवटी बोटभर रुंदीचा शेरा.
सोमवारपर्यंत द्यायचाय.

शिरीषा पहिली.
घरची भाषा तेलुगू. आईबाप रबाळ्याला
सेंटरिंगच्या प्लेटा वाहतात. शिक्षण: निरंक.
पण पोरगी ‘ळ’ म्हणते असा लख्ख
की वर्गातल्या मराठी आडनावांनी खाली बघावं.
जीभ उलटी टाळूला लावते, सोडते:
काळोख. उन्हाळा. कावळा.
कोणी शिकवलं गं, विचारलं
तर तिला प्रश्नच कळेना.
तो तर तिच्या आईच्या पत्र्याच्या पेटीतून आलेला,
तांदळाबरोबर, महबूबनगरहून.
पेटीसाठी रकाना नाही.

लोकबहादूरच्या ‘प्रेरणा’पुढे काय लिहू?
बाप सेक्टर सातच्या सोसायटीत वॉचमन.
सेक्रेटरी नोटीस मराठीत लावतात,
आणि पोराला ती रात्री केबिनमध्ये वाचून दाखवावी लागते.
वहीत उतरवून आणली होती एकदा, शुद्धलेखन तपासायला:
‘रखवालदाराने कामावर असताना झोपू नये.’
एकही चूक नव्हती.
मी बरोबरची खूण केली.
दुसरं काय करणार होते.

इंद्रजीत राजभर मात्र जूनपासून गप्प.
एकदाच बोलला, ‘सकाल’ म्हणाला,
आणि वर्ग हसला.
त्या हसण्यात मीही होते का
ते आठवायचं मी टाळते.
घरची भाषा भोजपुरी, वय अकरा, वातावरण:
घणसोली गावात भोईरांच्या चाळीत, भाड्याने.
इथवर लिहिलं आणि त्याची निबंधाची वही उघडली.
विषय, माझा आवडता दिवस.
तीनच ओळी:

आमी होरीन बसलू.
खारीन चार चिंबोऱ्या गावल्या.
मना भ्याव नाय वाटला.

लाल पेन सवयीने निघालं
आणि ‘हो’खाली अर्धी रेघ ओढून थांबलं.

चौथीत होते. आपटेबाई म्हणाल्या,
होरी नाही, होडी. दहा वेळा म्हण.
म्हटलं दहा वेळा. जिभेला घट्टा पडेस्तोवर.
अकराव्यांदा म्हटलं ते घरी,
बाबा होरीला डांबर लावत होते.
त्यांनी मान वर केली, विचारलं,
कुनाची गो होडी? आपली त होरी.
मी उत्तर दिलं नाही.
त्यानंतर त्यांच्याशी थोडं कमीच बोलत गेले,
बोलले तेव्हा शुद्ध बोलले.
पहिला नंबर आला. डी.एड. झालं. नोकरी लागली.
बाबांची होरी खाडीतच कुजली,
तिच्यावरून आता पामबीचकडे जायचा रस्ता जातो
असं भाऊ म्हणतो. मी बघायला गेले नाही.

आणि हा गाजीपूरचा पोरगा
भोईरांच्या पोरांमागे चिखलात उतरून
माझी भाषा घेऊन आला, फुकट,
न हसता कोणी, न दहा वेळा म्हणता.
आता ह्याला मराठी येते की नाही?
येते म्हणाले तर मी कोण होते तीस वर्षं?
नाही म्हणाले तर बाबा कोण होते?

सोमवारी मधल्या सुट्टीत
खिचडीच्या रांगेत तो पुढ्यात आला, ताट धरून, गप्प.
मी म्हटलं, चिंबोऱ्या कवा गावल्या र?
आवाज माझाच होता, पण घासलेला,
बऱ्याच दिवसांनी दार उघडावं तसा.

तो बघतच राहिला.
मग सुटला. कोन कुठं लपलेली, कोनाचं बोट धरलान,
भरती कशी आली, भोईराची म्हातारी कशी ओरडली.
मागची रांग ताटं वाजवायला लागली.
मध्येच थांबून म्हणाला,
बाई, तुमाना पन येतं?

फॉर्म अजून पर्समध्येच आहे.
पाच रकाने भरलेत.